पंचफुलाची भिंगरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीत तेल टाकलं. रविवार होता, थंडी पडली होती. फुलानं, माझ्या बायकोनं, बोनेट उघडून तेलाची कांडी ओढली, पदराच्या टोकानं पुसली, परत आत घातली, परत ओढली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"पाहा मिस्त्री. बोटभर पिली."

"पिनारच. बेवडी हाये तुही गाडी."

"बेवडी नाई. थे तिचं जेवन हाये. पेट्रोलसंगं थेंब थेंब तेल पेते, म्हून तिच्या आतल्या पट्ट्या जित्या राह्यतात. नरसाळं धरा."

मी नरसाळं धरलं, तिनं तेल ओतलं. एक थेंब बाहेर सांडला तर माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी चुलीवरचं दूध उतू घालवलं. मग तिनं किल्ली फिरवली, आणि इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याची सुई अर्ध्यावर येईपर्यंत आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो. नऊ वर्षं दर रविवारी हेच. सुई अर्ध्यावर आली की नाचणगावातून निघायचं, पुलगावच्या पुलापर्यंत जायचं, वर्धा नदी पाहायची आणि परत यायचं. परत आल्यावर ती विचारायची, "मंग? कशी हाये?" आणि मी म्हणायचो, "डिझेलची सर नाई." त्याही दिवशी तिनं विचारलं, त्याही दिवशी मी तेच म्हणालो.

तिनं वांग्याची भाजी केली. जेवलो. जरा पडते म्हणाली. दुपारी उठवायला गेलो तर उठली नाही.

माणूस गेलं की सगळे चांगलंच बोलतात. मला तसं जमत नाही आणि तिलाही ते चाललं नसतं. तिचा नियम होता, आधी ऐब सांगायचे, मग गुण. आमच्या सुनंदाला पाहायला हिंगणघाटचे पाहुणे आले, तेव्हा पोह्यांची बशी त्यांच्या हातात पडायच्या आत हिनं सांगून टाकलं, "पोरगी फटकळ हाये. तिची भाकर गोल होत नाई. आन सकाळी उठवाले दोन मानसं लागतात." मी तिचा पाय दाबत होतो. तिनं मोठ्यानं विचारलं, "मिस्त्री, पाय काऊन दाबून राह्यले?" मुलाची आई हसत सुटली. म्हणाली, "आमचा पोट्टाबी असाच हाये." तिथंच जमलं. आज सुनंदाची पोरं कॉलेजात आहेत आणि भाकर अजून गोल होत नाही.

तर तिच्या रीतीनं तिचे ऐब सांगतो. घोरायची. चूक केली तरी कबूल करायची नाही. थंडी असो की ऊन, पायात चप्पल घालायची नाही. सारं गाव मला मिस्त्री म्हणतं म्हणून घरातही मिस्त्रीच म्हणायची, जसं काही ट्रॅक्टर दुरुस्तीला घेऊन आली आहे. आणि तिच्याजवळ एक गाडी होती.

गाडी कशी आली ते सांगतो. मी डिझेलचा माणूस. चौथी शिकलो आणि पाना हातात घेतला, तो हात थरथरायला लागेपर्यंत सोडला नाही. त्या वेळी आम्ही वर्ध्याला होतो, मी एका गॅरेजात. बोरगाव मेघेला एक डॉक्टर राहायचे, जन्मभर आफ्रिकेत डॉक्टरकी केलेले. बायको तिकडंच वारली. इकडं येताना बोटीनं एक जपानी गाडी घेऊन आले. लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे अंथरुणावर पडल्यासारखं. फुला त्यांच्याकडं स्वयंपाकाला होती. बारा वर्षं होती.

डॉक्टरांची नजर कमी झाली तेव्हा ते तिला रविवारी शेजारी बसवायला लागले. तिचं काम एवढंच, काट्याकडं पाहायचं आणि सुई कुठं आहे ते सांगायचं. पुढं त्यांचे गुडघे गेले. मग त्यांनी तिला उजवीकडं बसवलं आणि स्वतः डावीकडं बसले. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारी नेसून, अनवाणी, मोकळ्या मैदानात गाडी शिकली. डॉक्टर म्हणायचे, "पंचफुला, तुझा पाय हलका आहे." लायसनच्या परीक्षेला साहेब हसले. हिनं उलट्या गाडीनं आठाचा आकडा काढून दाखवला आणि खाली उतरून त्यांनाच विचारलं, "तुमी एकदा काढून दाखवता का?"

डॉक्टरांची लेक त्यांना परदेशी घेऊन गेली. जाताना त्यांनी विचारलं, "पंचफुला, या घरातलं तुला काय हवं?" तिथं फ्रिज होता, शिसवी पलंग होता. ही म्हणाली, "गाडी." त्यांनी रीतसर कागद करून तिच्या नावावर करून दिली.

मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. बारा वर्षं पोळ्या लाटल्या आणि आणलं काय, तर पेट्रोल पिणारा डबा! चौथ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बोलत नाई तं नाई, पन पाहाले काय जाते?" ते मात्र बरोबर होतं. मी बोनेट उघडलं आणि इंजिनच शोधत बसलो. पार खोल आत सापडलं ते तेलाच्या डब्याएवढं.

"याचे पिस्टन कुठं हायेत वो?"

"नाईत."

"पिस्टन नाई त्याले इंजिन म्हनत नाई."

मग तिनं घरात जाऊन पाव्हण्यांच्या पोह्यांचा लंबगोल डबा आणला आणि त्यात एक समोसा ठेवला. हे मी खोटं सांगत नाही. समोसा बोटानं फिरवत म्हणाली, "असा तिकोनी लट्टू आत फिरते. तिन्ही टोकं भितीले घासतात. इथं जागा मोठी झाली का पेट्रोल आन हवा आत येते. इथं लहान झाली का दाबल्या जाते. इथं पेटते, अन् इथून बाहेर. असे दोन समोसे हायेत. वरखाली काईच होत नाई, सारं गोल गोल. टोकाले पट्ट्या हायेत, त्या झिजल्या का खेळ खतम."

डॉक्टरांनी तिला इंग्रजी शब्द वापरून समजावलं असेल. समोसा तिचा स्वतःचा. चाळीस वर्षांत माझ्या कोणत्या उस्तादानं इंजिन इतकं साफ समजावलं नव्हतं. मी तो समोसा खाऊन टाकला आणि तिच्याशी बोलायला लागलो. गाडीचं नाव तिनंच ठेवलं, भिंगरी.

त्याच महिन्यात आम्ही वर्धा सोडून नाचणगावला आलो, माझ्या बापाच्या जागेवर. मी भांडीकुंडी घेऊन टेम्पोत, ती भिंगरीत. निघताना तिनं गम्मत केली, "चहा मांडून ठेवतो, या आरामात." मी पोचलो, सामान उतरवलं, पाणी भरलं, चूल पेटवली, तरी हिचा पत्ता नाही. जगातली एवढी वेगवान गाडी, ती टेम्पोच्या दोन तास मागून आली. कारण गतिरोधक. गाडीचं पोट जमिनीला घासायचं, म्हणून तिनं दोन लाकडी फळ्या संगं घेतल्या होत्या. प्रत्येक गतिरोधकाशी उतरायचं, फळ्या मांडायच्या, गाडी वर चढवायची, मग फळ्या पलीकडच्या बाजूला मांडायच्या, उतरवायची, फळ्या उचलायच्या. देवळीत लोकच मदतीला आले म्हणाली. एकानं विचारलं, "आजी, ही गाडी पळते का?" ही म्हणाली, "पळते ना. उतरत उतरत पळते."

त्या फळ्या शेवटपर्यंत सीटच्या मागं होत्या.

आमच्या गल्लीत मग बायकांचा नवाच उद्योग सुरू झाला. गाडीचे दिवे बोनेटमध्ये झाकलेले. बटण दाबलं की पापण्या उघडल्यासारखे वर यायचे. संध्याकाळी कुणीतरी यायचीच. "पंचफुलाबाई, डोये उघडजा ना तिचे." उजवा दिवा जरा उशिरानं वर यायचा, त्यामुळं गाडी आधी डोळा मारते असं दिसायचं. समोरचा देवराव म्हणायचा, "मिस्त्री, तुमची गाडी माह्याकडं पाहून डोया मारून राह्यली." मी म्हणायचो, "घेऊन जा मंग. तेल तू पाज." थंडीत फुला तिच्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ घालायची. मला पातळ चादर. विचारलं तर म्हणायची, "तुमच्यात डिझेल हाये, तुमाले थंडी वाजत नाई."

मागच्या वर्षी नागपूरहून एक पोरगा गाडी पाहायला आला. कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकला होता. मी खूश. छपराखालची जागा मोकळी होईल, तिथं माझी खाट येईल, असा माझा हिशेब. फुलानं त्याला बसवलं. तर्री-पोहे दिले. त्यानं पहिला घास घेतला आणि हिनं सुरू केलं.

"ऐब ऐक पयले, भाऊ. पेट्रोल ढोसते. घरून टाकी भरून निघशीन आन दुपारपर्यंत पंप पाह्यशीन. दर रविवारी तेल पाहा लागते, आयस केला तं मेली. उन्हाळ्यात पायाखाली चूल पेटवल्यावानी वाटते. सामान भेटत नाई. मिस्त्री भेटत नाई. हे एक मिस्त्री हायेत, पन ह्यायचं मन नाई तिच्यावर."

पोरगा हसला. "आणि गुण, काकू?"

"गुण सांगून समजत नाई, तरी सांगतो. इंजिन एवढंसं, म्हून तिचं नाक हलकं हाये. रस्त्याच्या वयनावर तू मनात आनलं का थे वयली. आन हालत नाई. भरल्या चहाचा गिलास ठेव, काठावरच राह्यते. अन् जोरात गेली का थकत नाई, अजून मांगते. आपल्यालेच भेव वाटते, तिले नाई."

"मला पसंत आहे," पोरगा म्हणाला.

"तिले तू पसंत हायेस का पाहू ना. चालू कर अन् लिंबाच्या सावलीत लाव."

तो बसला. चालू केली, पाच पावलं पुढं घेतली, सावलीत उभी केली, बंद केली आणि ऐटीत उतरला. फुलानं त्याच्या हातातली बशी काढून घेतली. अर्धे पोहे उरले होते.

"जा बापू. नाई जमनार तुले."

"काकू, झालं काय?"

"आता परत चालू करून पाह्य."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरत राहिलं, पेटेना. फुला म्हणाली, "इंजिन थंडं असताना चालू केली तं गरम झाल्याबिगर बंद कराची नाई. तिच्या नाकातोंडात पेट्रोल गेलं आता." पोरगा चेहरा पाडून गेला. मी चिडलो. म्हटलं, त्याला आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, "सांगितल्यावर तं कोनीबी करते."

मग ते पेट्रोल काढायचं काम माझ्या गळ्यात. ती ओट्यावर बसून सांगत होती, मी करत होतो. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला. चारी प्लग खोलले, तव्यावर वाळवले. डॉक्टरांनी तिला एक जाडी सिरिंज आणि सलाइनची नळी देऊन ठेवली होती. त्यातून प्लगच्या भोकात जरा जरा तेल सोडलं, म्हणजे पट्ट्यांना पकड येते. पाय पूर्ण दाबून इंजिन फिरवलं, आतलं पेट्रोल फुर्र करून बाहेर पडलं. फ्यूज लावला, प्लग लावले, आणि चौथ्या खेपेला गाडीनं असा पांढरा धूर सोडला की देवराव बादली घेऊन पळत आला.

"ध्यानात ठेवजा," ती म्हणाली. "मी नसली तं तुमालेच करा लागन."

मी म्हणालो, "तू नसली तं मी भंगारात देईन."

अशी जीभ आहे माझी.

एकदा आम्ही गिरडला गेलो, टेकडीवर, शेख फरीदबाबाच्या दर्ग्याला. तिची आई लहानपणी तिला बैलगाडीनं न्यायची. येताना जामजवळचा मोठा रस्ता लागला, रुंद आणि रिकामा, आणि फळ्यांची गरज नाही. ती म्हणाली, "मिस्त्री, महिन्यातून एकदा तिले पूर्ण ताना लागते. नाई तं आत काजळी धरते. डॉक्टर म्हनायचे." मी म्हणालो, तुझी गाडी, तुझा पाय.

तिनं अंगठ्यानं दाबलं. अनवाणी पायाच्या अंगठ्यानं, खरंच. डिझेलचं इंजिन जोरात गेलं की ओरडतं, थरथरतं, माणसाला कळवतं. ही काहीच कळवत नव्हती. नुसता एक बारीक सूर चढत गेला, गिरणीच्या चाकासारखा, आणि रस्ता आमच्या खाली सरकायला लागला. मग गाडीतच टी-टी-टी भोंगा वाजला. मी घाबरून म्हणालो, "काय मोडलं?" ती म्हणाली, "काई नाई, थे म्हनते बस झालं. हिले स्वताले समजत नाई ना कधी थांबाव, म्हून भोंगा लावला." पाय काढला. माझी टोपी कधीच खिडकीतून गेली होती. ती हसत होती, दात दिसत होते, पिकल्या केसांची बट डोळ्यावर आली होती.

"मंग? कशी हाये?"

माझ्या तोंडात आलं होतं. पण मी टोपीचं कारण काढलं. म्हटलं, "टोपी नवी होती." तिनं परत फिरून टोपी शोधली. रस्त्याच्या कडेला तुरीत सापडली.

आता त्या दिवसाचं सांगतो.

दुपारी गल्ली गोळा झाली. सुनंदाला फोन केला, ती हिंगणघाटहून निघाली. गाडी दारासमोरच उभी होती, सकाळी पुलावरून आलो तेव्हाची. दारात तिरडी बांधायची, लोक उभे करायचे, जागा पाहिजे होती. देवरावनं हळूच सांगितलं, "मिस्त्री, गाडी बाजूले घ्या लागते." मी किल्ली घेतली. बसलो, चालू केली, लिंबाखाली नेली, बंद केली.

बंद केली त्याच क्षणी समजलं. सकाळची गाडी, थंडीचे दिवस, इंजिन गार झालेलं. पाच पावलं चालवून बंद केली. त्या नागपूरच्या पोरासारखी. मी परत किल्ली फिरवली. नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. देवराव म्हणाला, "मिस्त्री, आता राहू द्या." घरात ती होती आणि मी बाहेर किल्ली फिरवत होतो. लोकांना वाटलं, म्हातारा कामातून गेला.

दिवस मावळायच्या आत सारं उरकलं. घरी आलो. सुनंदानं विचारलं, "बाबा, काई खाता का?" मी नाही म्हणालो. मला एकच वाटत होतं. तिची एवढी एक गोष्ट सांभाळायची होती आणि ती गेली त्याच दिवशी मी बिघडवली. आणि आता ओट्यावर बसून सांगायला कुणी नव्हतं.

सकाळी उजाडल्याबरोबर मी पाने काढले. फ्यूज काढला. प्लग खोलायला वेळ लागला, हात थरथरतो आता. दोन खालचे, दोन वरचे. तवा तापवून वाळवले. सिरिंज तिनं साडीच्या पेटीत ठेवली होती, धुवून, फडक्यात गुंडाळून, सलाइनची नळीही. थोडं थोडं तेल सोडलं. बसलो, पाय पूर्ण दाबून फिरवलं. पेट्रोल फुर्र करून बाहेर पडलं. फ्यूज लावला, प्लग लावले. पहिल्या खेपेला नाही. दुसऱ्या खेपेला नाही. बॅटरी मंद व्हायला लागली. चप्पल काढली, पाय उघडा करून हलका ठेवला. तिसऱ्या खेपेला ती खोकली, एकदा, दोनदा, आणि पेटली. पांढऱ्या धुरात लिंब दिसेना. देवराव दारात आला, बादली नव्हती त्याच्या हातात. तो पाहत उभा राहिला.

सुनंदा धावत बाहेर आली. "बाबा, आज? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

"बंद करा ना मंग आता."

"सुई अर्ध्यावर येऊ दे."

ती वाकली आणि डाव्या बाजूच्या सीटवर, जिथं मी बसायचो तिथं बसली. तिनं काट्याकडं पाहिलं. इंजिन शांत झालं, धूर गेला, नुसता तो बारीक सूर राहिला. थरथर काही नाही.

सुनंदानं विचारलं, "कशी हाये, बाबा?"

"चांगली हाये," मी म्हणालो.

सुई अर्ध्यावर आली. मी बंद केली. उतरून बोनेट उघडलं, कांडी ओढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली, परत आत घातली, परत ओढली. तेल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं होतं. आदल्याच दिवशी तर टाकलं होतं, दोघांनी.